आबासाहेबांच्या एसटीच्या गोष्टी पुरे, फायलींबद्दल बोलू

माणकाठचा

राम राम मंडळी.

परवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप गटावर पुन्हा तोच फॉरवर्ड आला. सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबासाहेब, एसटीनं फिरायचे, डामडौल नाही, जगात सर्वाधिक वेळा निवडून आलेला माणूस, गिनीज बुकात नाव, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. मी त्याच तालुक्यातला. माझं पहिलं मत त्यांना गेलं. वडिलांचं प्रत्येक मत त्यांनाच. आजोबांनी एकदाच, १९७२ साली, रागानं काँग्रेसला दिलं आणि त्यापायी मरेपर्यंत घरात टोमणे खाल्ले.

तरी हा फॉरवर्ड वाचला की मला अवघडल्यासारखं होतं. साधेपणा खोटा नव्हता. एसटीत आमदारांसाठी राखीव जागा रंगवलेली असते ना, ती खरोखर वापरणारा आमदार आमच्या पिढीनं पाहिला, हे काही थोडं नाही. पण साधेपणावर मतं मिळत असती तर २८८ च्या सभागृहात निम्मी तरी साधी माणसं दिसली असती. गावाकडं साध्या माणसाला ‘गरीब बिचारा’ म्हणतात. त्याला चहा पाजतात, मत देत नाहीत.

त्यांची कारकीर्द सांगायचीच तर मी दोन गोष्टींवरून सांगीन. एक पाणी आणि दुसरी सभागृहात बसून राहायची चिकाटी. दोन्ही कंटाळवाण्या. त्यावर रील होत नाही.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: जन्म १९२६, मोहोळ तालुक्यातलं पेनूर. शिक्षण वकिलीचं. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). १९६२ ला सांगोल्यातून पहिल्यांदा आमदार, शेवटची निवडणूक २०१४ ला जिंकली तेव्हा वय ८८. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गेले. पक्ष एकच, मतदारसंघ एकच.

जवळून पाहिलेल्यांनी लिहा. विरोधातलं असेल तर आधी लिहा, कौतुक आपोआप येईलच.

पेठेतला

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. एक बारीक शंका: ते गिनीजचं कितपत खरं? नाही म्हणजे, आमच्याकडे वर्षातून दोनदा कुणीतरी ‘जगात पहिला’ असतोच.

आकडेमोड

जगात पहिले नाहीत. देशातही नाहीत. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ ते २०१६ या काळात १३ वेळा निवडून आले, तेही एकाच ठिकाणाहून. करुणानिधी १३ वेळा, पण मतदारसंघ बदलत. ओमन चांडी पुथुपल्लीतून १२ वेळा. गणपतरावांचे विजय ११. महाराष्ट्रात मात्र हा आकडा कुणी गाठलेला नाही आणि तेवढं पुरेसं आहे की. खोट्या विक्रमाची गरज कुणाला लागते?

यादी देतो, कारण फॉरवर्डमध्ये तीही चुकीची असते. जिंकले: १९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. हरले: १९७२ आणि १९९५. २०१९ ला उभे राहिले नाहीत.

‘५५ वर्षं आमदार’ हेही जरा ताणलेलं आहे. १९६२ ते ७२ ही दहा, १९७४ ते ९५ ही एकवीस, १९९९ ते २०१९ ही वीस. विधानसभा बरखास्तीचे महिने इकडेतिकडे. म्हणजे पन्नास-एक्कावन्न.

आता यादीतली रिकामी जागा बघा. १९७२ चा दुष्काळ, महाराष्ट्राच्या आठवणीतला सगळ्यात भीषण, आणि दुष्काळी तालुक्याचा हा माणूस नेमका तेव्हा सभागृहाबाहेर. १९९५ ते ९९ युतीचं पहिलं सरकार, कृष्णा खोऱ्याच्या कामांचे नारळ फुटायचा काळ, तेव्हाही बाहेर. पाण्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या बाबतीत हे जरा क्रूरच आहे.

पेठेतला

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शंकासुर

धागाकर्त्यांनी विरोधातलं आधी मागितलंय म्हणून लिहितो. नंतर ‘गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये’ हे ऐकवू नका.

माझं आजोळ सांगोला तालुक्यात. मी १९८० च्या दशकात सुट्टीला जायचो तेव्हा टँकर. कॉलेजात असताना गेलो तेव्हा टँकर. लग्नानंतर बायकोला घेऊन गेलो, तेव्हाही मामी म्हणाली, ‘अंघोळीला अर्धीच बादली घे गं, टँकर परवा येणार.’ आमदार तेच. आता सांगा, पन्नास वर्षं एकाच माणसाला निवडून देऊन टँकर तोच राहत असेल, तर तो पाण्यासाठी लढला हे कौतुक की अपयशाची कबुली?

आणि आकडेमोड यांनीच सांगितलं म्हणून पुढचं: महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं १९९६ ला. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला द्यायच्या टेंभू योजनेला मंजुरी त्याच सुमाराची. दोन्ही झाली तेव्हा सांगोल्याचे आमदार वेगळे होते आणि मुंबईत सरकार सेना-भाजपचं. मग श्रेय कुणाचं?

लाल बावटा

शंकासुर, हा प्रश्न विरोधी पक्षाच्या आमदाराला विचारायचा असतो का? पन्नास वर्षांतली सत्तेतली वर्षं मोजा. १९७८ ते ८० शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार, त्यात मंत्री. १९९९ नंतर विलासरावांच्या सरकारात मंत्री, आणि २००२ ला शेकापनं पाठिंबा काढला तेव्हा तेही संपलं. धरून-बांधून पाच वर्षं होत नाहीत. बाकी पंचेचाळीस वर्षं समोरच्या बाकावर.

मी रायगडचा, आमच्या घरात तीन पिढ्या शेकाप, त्यामुळे पक्षाबद्दल दोन ओळी. बाहेरच्यांना वाटतं शेकाप म्हणजे अलिबागचा कुठलासा स्थानिक पक्ष. पक्षाची वैचारिक भूमिका मांडणारा १९५० चा दाभाडी प्रबंध वाचला तर कळतं की ही माणसं मार्क्सवादाची भाषा बोलत होती आणि ग्रामीण बहुजनांना सांगत होती की काँग्रेस तुमची नाही. मग काय झालं? संस्थापक केशवराव जेधे, शंकरराव मोरे काँग्रेसमध्ये परत गेले. नंतरची तीसेक वर्षं शेकाप म्हणजे काँग्रेसला तयार कार्यकर्ता पुरवणारी तालीम. आमच्यात घाम गाळायचा, तिकडं जाऊन लाल दिवा घ्यायचा. उद्धवराव पाटील, कृष्णराव धुळप, एन. डी. पाटील, दत्ता पाटील, गणपतराव, ही न गेलेल्यांची यादी. छोटी आहे.

१९७७-७८ मध्ये गणपतराव विरोधी पक्षनेतेही होते. त्या वजनाच्या माणसाला काँग्रेसचा दरवाजा बंद असता का? गेले असते तर एखादं वजनदार खातं आणि सांगोल्याला पाणी, दोन्ही लवकर मिळालं असतं, असं म्हणणारे आमच्या पक्षातही आहेत. मला त्याचं उत्तर अजून देता येत नाही, हे कबूल करतो.

टेलचा शेतकरी

शंकासुर यांच्या मामीची अर्धी बादली आमच्या घरातपण होती, त्यामुळं राग नाही. पण पाणी कसं येतं ते आधी समजून घ्या, मग अपयश मोजा.

सांगोल्याला स्वतःचं पाणी नाही. माण नदी म्हणजे वाळूचा पट्टा, पावसाळ्यात एखादा लोंढा आला तर आला. बाहेरून येणारं पाणी तीन वाटांनी. पहिली नीरा उजवा कालवा. वीर धरणापासून निघून फलटण, माळशिरस, पंढरपूर करत आमच्याकडं येतो. आम्ही टेलला, म्हणजे कालव्याच्या पार शेवटाला. वरची उसाची रानं प्यायल्यावर उरलं तर आमचं. कागदावर पाळी असायची, चारीत नुसता गाळ. वडील रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसायचे आणि पहाटे कोरड्या चपला घेऊन परत यायचे. ह्या टेलच्या पाळीसाठी आमदारानं पाटबंधारे खात्यात जाऊन बसणं ह्यात मोठेपणा काही नाही, पण ते दरवर्षी करावं लागतं. एक वर्ष नाही केलं तर वरचा गेट उघडतच नाही.

दुसरी वाट टेंभू, तिसरी म्हैसाळ. दोन्हीकडं कृष्णेचं पाणी खालून वर उचलायचं. टेंभू गाव कऱ्हाडजवळ. तिथनं टप्प्याटप्प्यानं चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी आणि मग सांगोला. इथंही आम्ही शेवटाकडंच. आमच्या नशिबात टेलच हाय.

आता १९९६ चं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आणि फेरविचाराची मुदत होती ३१ मे २०००. तोवर पाणी अडवलं-वापरलं नाही तर हक्क अडचणीत. म्हणून युतीनं घाईनं महामंडळ काढलं, रोखे काढले. ते त्यांचं श्रेय, द्यायलाच पाहिजे. पण त्या पाण्यात दुष्काळी तालुक्यांचा वाटा असला पाहिजे, ते नुसतं नदीकाठच्या उसाला जाता कामा नये, ही मागणी कुणी रेटली? आटपाडीच्या पाणी परिषदा. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव, भारत पाटणकर. तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून यायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शाळकरी होतो, मांडवात सावली कमी आणि माणूस जास्त. समन्यायी पाणीवाटप हा शब्द मी पुस्तकात नाही, त्या मांडवात ऐकला. वडिलांना विचारलं म्हणजे काय, तर म्हणाले, ‘ज्याला रान हाय त्याला बी आन् नाय त्याला बी.’

आटपाडीच्या परिषदेला यायला आमदारकी लागत नव्हती. म्हणून १९९५ च्या पराभवानं त्यांचं पाण्याचं काम थांबलं, हे आकडेमोड यांचं म्हणणं अर्धंच बरोबर.

आकडेमोड

मान्य. दुरुस्ती स्वीकारली. ‘सभागृहाबाहेर’ म्हणायला हवं होतं, ‘कामाबाहेर’ असं ध्वनित झालं.

खडीवरचा

वय झालंय, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा. आई-वडील आणि मी, तिघं खडी फोडायला. हातोडी जड, हँडलला फडकं गुंडाळलेलं. दुपारी सुकडी मिळायची, ती मी निम्मी खाऊन निम्मी खिशात ठेवायचो, धाकट्या बहिणीसाठी. खिशात तिची माती व्हायची, तरी ती खायची. रेशनला लाल मिलो यायचा. त्याच्या भाकरीचा वास अजून आठवतो आणि अजून नको वाटतो.

हे सांगायचं कारण. त्या कामांतूनच रोजगार हमी योजना (रोहयो) उभी राहिली. कल्पना वि. स. पागे यांची, कायदा १९७७ चा, अंमल १९७९ च्या २६ जानेवारीपासून. मागेल त्याला काम, नाही दिलं तर बेकार भत्ता. पुढं १९९९ ला गणपतराव मंत्री झाले तेव्हा रोहयो त्यांच्याकडं आली, पण आमच्या तालुक्यात ते आधीपासूनच रोहयोचे आमदार होते असं म्हटलं तरी चालेल. मजुरी थकली, मस्टर (हजेरीपट) कोरं ठेवलं, काम तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला दिलं, असल्या तक्रारी घेऊन बायका त्यांच्याकडं जायच्या.

१९९० ला रोहयोतून फळबाग योजना आली. आमच्या चार एकर माळावर वडिलांनी आधी बोरं लावली, मग डाळिंब. ज्या हातांनी खडी फोडली त्यांनीच खड्डे घेतले, दोन बाय दोन बाय दोन, आणि त्याचीही मजुरी मिळाली, स्वतःच्याच रानात. वडिलांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. म्हणायचे, कुठंतरी कायतरी चुकलंय, हे पैसे परत मागणार. सांगोल्याचं डाळिंब आज सगळीकडं जातं. तेल्या आला, मर आली, खोडकिडीनं बागा काढल्या, ते सगळं खरं. पण माळावर बाग ही गोष्ट तिथनं सुरू झाली.

योजना पवारांच्या सरकारची, हे आधीच सांगतो. नाहीतर शंकासुर येतील.

शंकासुर

आलो. पण भांडायला नाही. सुकडीचं वाचून गप्प झालो.

पेठेतला

काका, लिहीत राहा. टंकायला वेळ लागला तरी चालेल.

प्रेस गॅलरी

निवृत्त वार्ताहर. मुंबई आणि नागपूर मिळून तीसेक अधिवेशनं पाहिली. धागाकर्त्यांनी सभागृहात बसून राहण्याबद्दल लिहिलंय, ते जरा उलगडतो.

पहिल्यांदा निवडून आले तेव्हा विधानसभा रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची, जिथं आता पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. नरिमन पॉइंटचं विधान भवन १९८१ चं. दोन्ही इमारतींत वर्षानुवर्षं बसलेले फार थोडे.

लोकांना वाटतं आमदार म्हणजे भाषण. भाषणानं फारसं काही होत नाही. कामकाजात हत्यारं वेगळी असतात: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना. तारांकितला मंत्री छापील उत्तर वाचतो, ‘हे खरे आहे काय?’ ‘होय, अंशतः खरे आहे.’ मजा असते उपप्रश्नात. तिथं ज्याला विषय माहीत आहे तोच टिकतो. बाकीचे उभे राहतात आणि पुन्हा मूळ प्रश्नच मोठ्या आवाजात विचारतात.

अर्धा तास चर्चा संध्याकाळी, सगळं उरकल्यावर. सभागृहात मोजून पंधरा माणसं, मंत्र्यांचं लक्ष घड्याळाकडं, आम्ही गॅलरीत जांभया देणारे. त्या वेळेला ज्या दोन-चार ठरलेल्या जागा भरलेल्या असायच्या त्यांत एक त्यांची. नवख्या आमदाराला वाटतं इथं टीव्ही नाही, कशाला बसायचं. पण मंत्री दमलेला असतो तेव्हा ‘तपासून पाहू’ऐवजी ‘करू’ म्हणून जातो. आणि ‘करू’ हा शब्द कामकाजात नोंदला गेला की ते आश्वासन होतं, ते आश्वासन समितीकडं जातं आणि खात्याला त्याचं काय झालं ते सांगावं लागतं. एका क्रियापदासाठी रात्री आठपर्यंत थांबणं, हा खरा संसदीय धंदा. (धंदा चांगल्या अर्थानं.)

त्यांचं बोलणं रंजक नव्हतं, हेही नोंदवतो. मथळा मिळायचा नाही. संपादक विचारायचे ‘काय विशेष?’ आणि मी सांगायचो, ‘सांगोला, पाणी.’ ते फोन ठेवून द्यायचे.

माणकाठचा

साहेब, धाग्याचं सार्थक झालं. ‘करू’ आणि ‘तपासून पाहू’ मधला फरक आमच्या ग्रामपंचायतीतही चिकटवून ठेवायला हवा.

सूतवाली

पुरुष मंडळींची पाणी आणि सभागृह यावर चर्चा चालू दे, मी सूतगिरणीबद्दल लिहिते, कारण माझं शिक्षण तिच्या पगारावर झालंय.

पश्चिम महाराष्ट्रात आमदार म्हटला की साखर कारखाना काढतो. त्यात ऊसवाल्याचा फायदा आणि ऊसवाल्याकडं जमीन-पाणी आधीच असतं. सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. तालुक्यात कापूस म्हणावा तसा पिकत नाही, मग सूतगिरणी कशाला, असं तेव्हा लोक हसले म्हणे. पण गिरणीला ऊस लागत नाही, माणसं लागतात. ज्याच्या सातबाऱ्यावर फक्त दगड आहेत त्याच्याही मुलाला पाळी मिळते. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्यांना कुलपं लागली, ही चालू राहिली.

वडील तिसऱ्या पाळीवरून सकाळी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाची कूस असायची. आम्ही बहिणी त्यांना म्हातारा बाबा म्हणायचो. आई ओल्या फडक्यानं पुसायची आणि मगच चहा.

गिरणीतही कुरबुरी होत्या. पगारवाढीवरून, भरतीत आपली-परकी माणसं यावरून. कामगार पक्षाच्या गिरणीत कामगारानं मागणी कुणाकडं करायची, हा विनोद वडील करायचे. हसत करायचे, पण करायचे.

जुना एजंट

मी दुसऱ्या बाजूचा. १९९५ ला सांगोल्यात काँग्रेसचा मोजणी प्रतिनिधी होतो. एवढा सगळा लाल रंग बघून म्हटलं आपणही हजेरी लावावी.

तेव्हा कागदी मतपत्रिका. पेट्या उघडायच्या, मतपत्रिका एकत्र मिसळायच्या, गठ्ठे बांधायचे, मग चिन्हावार वेगळे करायचे. संशयित मतपत्रिका बाजूला. शिक्का दोन खणांच्या मधल्या रेषेवर बसलेला असला की दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी माना खाली घालून बघणार, शाई कुणाच्या खणात जास्त. घडी घालताना ओली शाई पलीकडं उमटलेली असली तर कुठला शिक्का खरा आणि कुठला उमटलेला, यावर पाच-पाच मिनिटं. रबरी अंगठा घालून माझी बोटं सुजली होती.

फरक वर-खाली, वर-खाली. शेवटी शहाजीबापू पाटील १९२ मतांनी आले. १९२! आमच्या गावच्या एका बूथवर त्याहून जास्त माणसं रांगेत होती. आमच्याकडं गुलाल उडाला, पण मला आठवतं, बाहेर आल्यावर आमच्यातलेच दोन-तीन जण गप्प उभे होते. एकजण म्हणाला, ‘म्हाताऱ्याला पाडलं राव आपण.’ तेव्हा ते सत्तरीच्या आतलेच होते, पण आम्हाला म्हातारेच वाटायचे. पुढं आणखी चार निवडणुका जिंकतील असं तेव्हा कुणी बोललं असतं तर वेड्यात काढलं असतं.

विरोधक म्हणून माझी तक्रार एकच. त्यांनी तालुक्याला राजकारणात एकाच माणसाची सवय लावली. आमच्या पक्षात दुसरी फळी उभी राहिली ती त्यांना पाडायच्या ईर्ष्येनं. त्यांच्या पक्षात उभी राहिली का?

शंकासुर

हाच माझा दुसरा मुद्दा होता. २०१९ ला थांबले आणि उमेदवार कोण? नातू, डॉ. अनिकेत. २०२४ ला कोण? दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब. तेरा निवडणुका ‘कार्यकर्त्यांचा पक्ष’ आणि चौदाव्याला घर. दाभाडी प्रबंधात हे कलम होतं का, लाल बावटा?

लाल बावटा

नव्हतं. बोच बरोबर जागी आहे. रायगडात आमच्या पक्षाचं घराण्यांशी नातं काय, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, त्यामुळे मी कुठल्या तोंडानं बोलू. एवढंच म्हणेन की आडनाव सांगोल्यात पुरलं नाही. २०१९ ला अनिकेत ७६८ मतांनी पडले. समोर पुन्हा शहाजीबापूच.

आकडेमोड

१९९५ ला १९२, २०१९ ला ७६८. दोन्ही वेळा तेच जिंकले, आधी काँग्रेसकडून, मग शिवसेनेकडून. दोन्ही विजयांची बेरीज ९६० मतं. उलट बाजूला २०१४ ला गणपतरावांनी त्यांना हरवलं ते सुमारे २५ हजारांनी आणि २०२४ ला बाबासाहेबांनीही सुमारे २५ हजारांनीच. तालुका देतो तेव्हा पोतं भरून देतो आणि काढतो तेव्हा चिमटीनं.

२०१४ ला शेकापचे तीन आमदार होते: सांगोला, अलिबाग, पेण. २०१९ ला तिन्ही गेले, लोह्यातून एक आला. २०२४ ला पुन्हा एकच, सांगोला.

पेठेतला

आणि मधल्या काळात अख्ख्या देशाला सांगोल्याची भाषा कळली ती शहाजीबापूंच्या गुवाहाटीहून केलेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’मुळे. पन्नास वर्षं पाण्याबद्दल बोलून जे झालं नाही ते एका फोननं झालं.

प्रेस गॅलरी

गुवाहाटीवरून आठवलं. २००२ ला शेकापनं पाठिंबा काढल्यावर विलासरावांचं सरकार डळमळलं, तेव्हा काँग्रेसचे आमदार बंगळुरूजवळच्या रिसॉर्टवर नेऊन ठेवले होते. म्हणजे महाराष्ट्राची हॉटेल-वारी २०२२ ला सुरू झाली नाही. त्या वेळी गणपतराव मंत्रिपद सोडून बाहेर पडणाऱ्या बाजूला होते. भांडण मूळ रायगडातलं, किंमत सांगोल्याच्या मंत्र्यानं मोजली. पक्षशिस्त ही गोष्ट अशी महाग असते. पटलं होतं की नाही, कुणास ठाऊक. बाहेर तक्रार केलेली मी तरी ऐकली नाही.

नवा सभासद

सगळा धागा वाचला. एक विचारू का? एवढं सगळं फक्त धनगर समाजाच्या एकगठ्ठा मतांमुळे झालं असं मला एका प्राध्यापकांनी सांगितलं होतं. तसं नाही का?

टेलचा शेतकरी

समाजाचा पाठिंबा होताच, नाही म्हणणारा खोटं बोलतो. पण जात १९९५ ला बदलली नव्हती आणि २०१९ लाही नाही. नुसत्या गठ्ठ्यावर सीट असती तर १९२ नं कशी गेली? आमच्या गावात सगळ्या आळ्यांतून मतं पडायची आणि सगळ्या आळ्यांतून शिव्यापण. प्राध्यापकांना एकदा आमच्याकडं पाठवा. टेलला.

जुना एजंट

+१. आमच्या पक्षानं त्या हिशेबावर किती निवडणुका लढल्या आणि किती हरलो, हे मी सांगू शकतो.

माणकाठचा

शंकासुर, तुमच्या पहिल्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. अपयश की लढा? मला वाटतं, टेलच्या तालुक्याचा आमदार असणं म्हणजेच उशीर. वरच्यांचं झाल्याशिवाय आपलं होत नाही, मग आमदार कुणीही असो. गणपतरावांमुळे पाणी लवकर आलं असं मी म्हणणार नाही. ते नसते तर नकाशावरच्या त्या योजनांची रेघ आमच्या शिवेपर्यंत ओढली गेली असती का, याची मला शंका आहे. हे सिद्ध करता येत नाही, म्हणून वाद घालणार नाही. दुसऱ्या फळीबद्दलचं म्हणणं मात्र पटलं. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

शंकासुर

चालेल. मामी आता नाही, नाहीतर तिलाच विचारलं असतं. ती दर वेळी त्यांनाच मत द्यायची, अर्धी बादली ठेवून.

टेलचा शेतकरी

ताजी खबर. यंदा आमच्या फाट्याला टेंभूचं पाणी आलं. तळं भरतंय, पोरं उड्या मारायला लागलीत. वीजबिलाचं एक्याऐंशी-एकोणीस हाय, एक्याऐंशी टक्के सरकारचं, एकोणीस आमचं, त्याची पाणीपट्टीची नोटीस पाण्याच्या पाठोपाठ घरात. नोटिशीत माझा गट नंबर चुकलाय, शेजारच्याचं क्षेत्र माझ्या नावावर. दोन हेलपाटे मारले, तिथले साहेब म्हणतात ‘तपासून पाहू’.

उद्या पुन्हा जातोय. ‘करू’ म्हणेपर्यंत बसतो.